ताटावरची ओढणी

"आपा, तुम्हारी खाला गई. रोजे में गई." फोनवर खालाच्या शेजारची मुलगी रडत होती, पण दुसरं वाक्य तिनं जवळजवळ कौतुकानं सांगितलं. मी गोंदियात माझ्या स्वयंपाकघरात भाजी निवडत बसले होते. रोजा? दोन वेळा साखरेची सुई घेणाऱ्या बाईला?

सईदाखाला, माझ्या आईची धाकटी बहीण, अर्जुनी मोरगावात राहायची. साखरेनं तिची किडनी पोखरली तेव्हा डॉक्टरांनी रोजे बंद केले. आमच्या धर्मात त्याची सोय आहे. दुखणं बरं होण्यातलं नसेल, तर सुटलेल्या प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालायचं. त्याला फिदया म्हणतात. लोक तांदूळ नाहीतर पैसे देऊन मोकळे होतात. खालाला ते पटेना. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या आंधळ्या सुगराबीसाठी ती रोज इफ्तारच्या आधी ताट घेऊन जायची, तलावातल्या मासळीचे काटे स्वतः काढून. "जो मैं खाती, वही उसको," म्हणायची. तिखट कमी पडलं तर सुगराबीची बोलणीही मुकाट खायची.

पण ताट दिसलं की गल्लीला कळायचं, हिचा रोजा नाही. समोरच खालाची सख्खी भावजय, माझी मोठी मामी, ओट्यावर बसलेली असायची. "हमारे यहाँ तो बुखार में भी रोजा नहीं छोड़ते," ती ऐकू जाईल असं म्हणायची. भात देऊन रोजा विकत घेते, असंही बायका बोलल्या. खाला आधी हसण्यावारी न्यायची. मग ती ताट ओढणीनं झाकायला लागली... मी फोनवर चिडायचे, "खुदा ने छूट दी है, मामी कौन होती है?" ती म्हणायची, "खुदा गल्ली में नहीं रहता ना, बेटा."

यंदा तिनं आम्हाला कुणाला न सांगता सुई सोडली आणि रोजे धरले.

मयतीच्या घरी बायका म्हणत होत्या, "क्या नसीब पाया, रमजान की मौत." मामी सगळ्यांत पुढे, डोळ्यांना पदर लावून. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तेवढ्यात सुगराबी काठी टेकत आली. ती खेड्यातली, तिची बोली इकडच्या झाडीपट्टीचीच. "ताट आला नाई, तवाच म्या तिले इचारलं," ती म्हणाली. "म्हने, आता मीबी रोजा धरतो. म्या म्हटलं, कायले मरून राहिली बाई? या बायांसाठी?"

मामी उठून आत गेली.

याला नशीब म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. मी म्हणणार नाही. देवानं दिलेली सूट माणसांनी हिसकावून घेतली आणि वर तिच्या मरणाचं कौतुक केलं. याचा राग मला अजून झोपू देत नाही.

मलाही आता साखर निघाली आहे. पुढच्या वर्षी रोजे नकोत, असं डॉक्टरांनी बजावलंय. खालाच्या फळीवर ते ताट आहे, त्यावर घडी घातलेली ओढणी. रमजानभर मी अर्जुनीला जाऊन राहणार आहे. मासळी शिजवीन, काटे काढीन आणि मामीच्या ओट्यासमोरून सुगराबीकडे जाईन. ओढणी फळीवरच राहील.