खोडलेला श्री

राजेंद्र नगरच्या घरी नातीच्या खोडरबराचा वास आला की मला परदेशातले चित्रकलेचे मास्तर आठवतात. त्यांना माझी भाषा येत नव्हती, मला त्यांची. कोऱ्या कागदाच्या माथ्यावर मी आधी श्री लिहायची आणि ते रोज तो खोडायचे. ह्यांना आपल्या देवाचं वावडं आहे, असा मला दाट संशय. नवरा म्हणायचा, “फालतूचा शक नको करू, चुपचाप शिक ना.” पहिलं चित्र पुरं झालं तेव्हा मास्तरांनी स्वतःच्या चित्राखालची सही दाखवली, माझ्या चित्राखाली बोट ठेवलं, आणि मी ढिम्म बसलेली पाहून तिथे स्वतःच वाकडातिकडा श्री काढला. इतके दिवस ते त्याला माझी चित्राआधीच घाईने केलेली सही समजत होते. चित्र बैठकीत लावलंय. माझं नाव अजून घातलेलं नाही.