‘हम्बल’ या शब्दाचे अर्थ

माझ्या आईला वर्गात बोलावलं, ते उदाहरण म्हणून.

सातवीचा वर्ग. इंग्रजीचा तास. शिकवणारी मी. फळ्यावर ‘हम्बल’ लिहिलं होतं आणि त्याखाली त्याचे समानार्थी शब्द लिहीत होते. मॉडेस्ट. मीक. शेवटच्या बाकावर शाळेच्या ट्रस्टी मॅडम बसल्या होत्या. वर्षातून एकदा त्या अशा न सांगता कुठल्यातरी वर्गात येऊन बसतात.

त्या उठल्या. “टीचर, ये तो डिक्शनरी हुई. बच्चों को एक्झाम्पल दो.”

मी काही बोलायच्या आत त्या दारापाशी गेल्या. बाहेर आई फरशी पुसत होती. “मासी, अंदर आओ.”

आई आली. ओले हात पदराला पुसत दाराला लागून उभी राहिली. फिनाईलचा वास आला.

“सोलह साल से मासी हमारे यहाँ है. कभी ऊँची आवाज नहीं. कभी कुर्सी पर नहीं बैठी. और पता है, ये किसकी मम्मी है? आपकी टीचर की! बेटी टीचर बन गई, मासी वैसी की वैसी. इसको बोलते हैं हम्बल. क्लॅप फॉर मासी.”

चाळीस मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मीही वाजवल्या. हातात खडू होता, म्हणून आवाज नीट झाला नाही. पण वाजवल्या. हे लपवत नाही.

‘हम्बल’ हा शब्द आईला माहीत नव्हता, टाळ्या कशासाठी ते कळलं नव्हतं. ती माझ्याकडे बघून हसली. हात जोडले आणि पुसायला परत गेली.

मला राग आला नाही. रडूही नाही. आत काहीच हललं नाही. मी पुढचा शब्द लिहिला. तेव्हा दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. “मिस, तो फिर आप उनको मासी क्यों बोलती हो?”

मी म्हटलं, “सिट डाऊन.”

शाळेत सफाईवाल्या बाईला मासी म्हणतात, म्हणून सगळेच तिला मासी म्हणायचे. मीही चार वर्षं तेच म्हणत होते. रुजू झाले त्या दिवशी प्रिन्सिपल सरांनी सांगितलं होतं, नातं घरी ठेवा. मला ते सोयीचंच वाटलं होतं. सुरतेतल्या लिंबायतहून आम्ही एकाच रिक्षाने यायचो. शाळेच्या अलीकडच्या वळणावर मी उतरायचे. आई गेटपर्यंत जायची. जेवणाच्या सुट्टीत मी स्टाफरूममध्ये डबा उघडायचे, ती जिन्याखाली, बादली पालथी घालून त्यावर बसायची. डबे दोन्ही तिनेच भरलेले. भाजी एकच.

संध्याकाळी घरी ती लसूण सोलत होती. मी शेजारी बसले होते. नुसती.

“ती बाई माले हम्बल म्हननी, ते काय शे व? पोरं टाया का बरं वाजाडत व्हतात?”

मी सांगितलं. “तू नम्र आहेस, म्हणाल्या. कधी खुर्चीवर बसत नाहीस.”

ती सोलता सोलता थांबली. म्हणाली, “मी नम्र नही शे. माले कोनी बठ म्हननं नही.”

आणि पुढची पाकळी घेतली.

मी उठून डिक्शनरी काढली. धड्याची तयारी करताना मी पहिल्याच अर्थावर थांबले होते. नम्र, विनयी. परीक्षेला तेवढंच येतं. खाली आणखी होतं. दुसरा अर्थ, हलक्या कुळातला. हा मला नवा नव्हता. गावी आमचं आडनाव ऐकलं की लोक तोंडाने बोलायचे नाहीत, पण डोळ्यांत हाच अर्थ असायचा. तिसरा अर्थ क्रियापदाचा. एखाद्याला खाली आणणं. त्याची मान खाली घालायला लावणं.

क्रियापद. म्हणजे कुणीतरी ते करतं.

दुसऱ्या दिवशी मी वळणावर उतरले नाही. आईने माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघी गेटवर उतरलो. तासाला मी उरलेले दोन्ही अर्थ फळ्यावर लिहिले. मुलांना सांगितलं, “काल दिलेलं उदाहरण चूक होतं. त्या माझी आई आहेत. त्या हम्बल नाहीत. त्यांना बसायला कुणी सांगितलंच नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.” इंग्रजीत सांगितलं. आवाज सपाट होता.

मग टेबलामागची माझी खुर्ची उचलली आणि बाहेर आई फरशी पुसत होती तिथे नेली.

“माय, बठ.”

“कोनी दखी ना.”

“दखू दे.”

ती बसली. अगदी कडेला, पाय आत ओढून. मुलं दारात गोळा झाली होती. यावेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

दुपारी ऑफिसात बोलावणं आलं. दोघींना. प्रिन्सिपल सर म्हणाले, “मॅडम ने तारीफ की थी आपकी मम्मी की. आपमें जरा भी नम्रता नहीं है?” टाईप केलेला कागद पुढे सरकवला. माफीनामा. सही करा, नाहीतर राजीनामा द्या.

आईने मला विचारलं, “काय लिखेल शे?”

“माफी मागायची.”

“कसानी?”

कशाची, ते सरांनी सांगितलं नाही. आईचा प्रश्न त्यांना कळला होता. सुरतेत इतकी वर्षं राहून तेवढं कळतं. मी सही केली नाही.

सोमवारपासून येऊ नको, असा आईला शाळेच्या सफाईच्या ठेकेदाराचा फोन आला. सोळा वर्षं, आणि एक मिनिटाचा फोन. तिने तो कानाला लावून पूर्ण ऐकला आणि मोबाईल खाली ठेवला. आता ती घरी साड्यांना टिकल्या लावते. पाय दुखत नाहीत, म्हणते. डोळे दुखतात.

मला अजून काढलेलं नाही. दर दोन-चार दिवसांनी ऑफिसात बोलावतात. स्टाफरूममध्ये मी आले की बोलणं थांबतं. बरोबरच्या एका शिक्षिकेने बाजूला घेऊन समजावलं, राजीनामा दे, सन्मानाने जाशील. शाळेला राजीनामाच हवा आहे. तो दिला की त्यांना कारण लिहावं लागत नाही.

म्हणून मी तो देणार नाही. काढायचं असेल तर काढा. पण का काढलं, ते कागदावर लिहा, खाली सही करा. माझं लिहा, आणि माझ्या आईचंही लिहा. तोपर्यंत मी रोज सकाळी सातला हजर राहणार आहे.