मोटेवरची भजनी मंडळी

माझ्या सासऱ्यांना सूर अजिबात नव्हता. गावच्या भजनी मंडळीत ते दर एकादशीला जात, सतरंज्या अंथरत, कंदिलाच्या काचा पुसत. टाळ वाजवायचा, पण तोंड उघडायचं नाही, असं बुवांनी त्यांना स्पष्ट सांगितलेलं होतं. त्याचा त्यांना राग नव्हता. गाण्याची हौस ते मोटेवर भागवत.

आमचा मळा अनसिंगच्या अलीकडे, नाल्याकाठी. घरही मळ्यातच. वांगी, मिरची, मेथी आणि थंडीत कांदा. मोट म्हणजे काय ते शहरात वाढलेल्यांसाठी सांगते. बैल धावेच्या उतारावरून खाली चालत जातात, तशी मोट, म्हणजे कातड्याची मोठी पिशवी, विहिरीतून भरून वर येते आणि पाटात रिकामी होते. मग बैलांनी पाठमोरं चालत विहिरीशी यायचं, की मोट पुन्हा पाण्यात बुडते. पुढे चालायला कुठलाही बैल तयार असतो. मागे चालणं त्याला शिकवावं लागतं, आणि ते तो शिकवणाऱ्याच्या आवाजावरच शिकतो.

सासऱ्यांचं गाणं एवढंच होतं : 'ये रे बापा, मांगं ये.' पहिला 'ये' ते लांबवर ताणत. तो चढता चढता फाटायचा, आणि पुढचे शब्द भलत्याच खालच्या पट्टीत पडायचे. मी फावडं घेऊन वाफ्यांत उभी असायची. तो फाटलेला आवाज आला की पाणी निघालं, एवढं मला कळायचं.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच पौषात मोटेच्या दोरावर बसून बैल हाकताना सासरे घसरले आणि पाय मोडला. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या आणि होळीपर्यंत पाय टेकायचा नाही म्हणून बजावलं. कांदा नुकता पोसायला लागला होता. आता पाणी तुटलं तर गाठ धरणारच नव्हती, आणि त्या कांद्याच्या आधारावर आमचं पुढचं सगळं वर्ष उभं होतं.

घरचे, म्हणजे माझे मालक, वाशीमला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. दोन दिवस येऊन त्यांनी मोट धरली. बैल धावेच्या तळाशी उभे राहून त्यांच्याकडे बघत राहिले. वेसण ओढली तर एक खाली बसला. शेजाऱ्यांचे बैल त्यांच्या विहिरींवर नाहीतर कापसाच्या गाड्यांना. मी आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, घागरींनी पाणी शेंदत होतो. घागरीनं वांगी जगली. कांद्याचे टोकाचे तीन वाफे पिवळे पडले.

एकादशीला सतरंजी अंथरायला कोणी आलं नाही, तेव्हा मंडळीला खबर लागली. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता पाच जण विहिरीवर हजर. बुवा पुढे. ते धंद्यानं शिंपी. त्यांच्यामागे मृदंगवाला, गळ्यात मृदंग अडकवून, आणि तीन टाळकरी.

"वहिनी," बुवा आत्याबाईंना म्हणाले, "बैलांले गानंच पाह्यजे ना? गान्याची काय कमी हाय आपल्याकडं?"

"अन् मोट कोन हाकन?"

"हे तिघं हाकतीन. शेतकरीच हायेत. गानं माह्याकडं."

मृदंगावर पहिली थाप पडली आणि बैल उधळले. रिकामी मोट विहिरीच्या भिंतींवर आपटत वर आली.

"अवो, बैलं मारता काय माहे!" आत्याबाई ओरडल्या. "ठेवा ते खाली!"

मृदंग बाभळीखाली गेला. मग बुवांनी सासऱ्यांचे शब्द घेऊन असा काही गळा लावला की नाल्यावर धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून ऐकायला लागल्या. एक बैल रवंथ करायला लागला. दुसऱ्यानं तेवढंही केलं नाही.

मी नवी सून, परक्या पुरुषाशी बोलायची नाही. म्हणून मोठ्यानं म्हटलं, "आत्याबाई, बुवांले सांगा, सूर चांगला लागून राह्यला म्हनूनच बैल हालत नाई. मामंजीचा आवाज तिथं फाटते."

बुवा दोन हातांच्या अंतरावर उभे होते. तरी आत्याबाईंनी त्यांना सगळं परत सांगितलं.

"ऐकलं मी. फाटते म्हंजे कसा?"

"सुनबाई, बुवा इचारतात, फाटते म्हंजे कसा?"

सासऱ्यांची नक्कल सुनेनं करून दाखवायची नसते. मी पदर ओढून घराकडे बोट केलं.

सासरे ओसरीत खाटेवर पडून होते. त्यांनी एकदा म्हणून दाखवलं. बुवांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "दादा, इथं वर नाई जायचं, इथं..."

"बुवा," सासरे म्हणाले, "देवळात तुमी म्हनता तं मी चूप राह्यतो का नाई? मंग इथं तुमी चूप राहा. बैलं माहे हायेत."

सगळे हसले. मृदंगवाला मात्र खाटेच्या कडेवर बोटांनी ठेका धरून बसला होता. "पुन्हा म्हना, काका." सासऱ्यांनी पुन्हा म्हटलं. "हा समेवर येतच नाई," तो म्हणाला. "जरासा मांगून येते. बैल तिथंच पाय उचलत असन."

"माह्या गळ्याले हे जमत नाई, बाप्पा," बुवा म्हणाले. पण दिवसभर दुकानात शिवता शिवता त्यांनी तेच घोकलं. येणारी गिऱ्हाइकं घसा बसला का म्हणून विचारून गेली.

दुसऱ्या सकाळी दोनदा फुकट गेलं. तिसऱ्यांदा बुवांनी डोळे मिटून 'ये' फाडला आणि मृदंगवाल्यानं खूण केल्यावर, जरा उशिरानं, खालच्या पट्टीत उतरले. डाव्या बैलाचा कान हलला. मग त्याचा मागचा पाय मागे पडला, मग जोडीदाराचा. मोट बुडाल्याचा आवाज आला तरी कोणी तोंडातून शब्द काढला नाही, बुवांचा सूर सुधारेल या भीतीनं. मी फावडं उचलून वाफ्यांकडे पळाले. बारं, म्हणजे वाफ्याचं तोंड, वेळेवर फोडलं नसतं तर पाणी पाट फोडून भलतीकडे गेलं असतं.

होळीपर्यंत मंडळीनं पाळ्या लावून घेतल्या. गावात आपापली कामं सुरू होण्याआधी ते येत आणि ऊन चढलं की जात. बुवांनी टाळकऱ्यांनाही तो सूर शिकवला. एकाचा आवाज मुळातच चिरका. त्याला तो पहिल्याच झटक्यात आला.

"तुही जागा मोटेवरच व्हती रे," बाकीचे म्हणाले. "उगाच देवळात बसून राह्यला इतके दिवस."

सासरे ओसरीतून लक्ष ठेवून. "बुवा, अजून फाटू द्या! लय गोड झालं!"

"फाटते, दादा, फाटते! काल देवळातबी फाटला. आपन दोघांनी मिळून लावला तं देव मांगं सरकन!"

आत्याबाई भाकरी थापता थापता इतक्या हसल्या की तव्यावरची करपली. ती त्यांनी बुवांनाच वाढली.

टोकाचे तीन वाफे काही उठले नाहीत. आत्याबाईंनी ते लवकर उपटून पात भाजीला लावली. बाकीच्या कांद्यानं गाठ धरली. होळी झाली, कांद्याची पात पिवळी पडून मान आडवी झाली आणि आम्ही कांदा काढला. मंडळी आली. सासरे काठी टेकत आले. आत्याबाईंनी एक कांदा हातात दाबून पाहिला.

"बारीक हाय," त्या म्हणाल्या. "पन टिकन."

बारीक होता, पण भरपूर होता. एक गाडी वाशीमच्या बाजाराला गेली आणि ओसरीत ढीग लागला तो वेगळा. बुवांनी उपरण्यात बांधून नेला. शिवायच्या कापडांना वास लागतो म्हणून दोन दिवस कुरकुरले, पण परत केला नाही. रिकाम्या वाफ्यांत मी आणि आत्याबाईंनी काकडीचं बी टोकलं. मोटेवर सासरे होते.