आधी खुनी, मग गोष्ट

आमच्या शेजारच्या चंपामावशी परळच्या एका हॉस्पिटलात डोळ्यांच्या वॉर्डमध्ये आया आहेत. गेली तीस वर्षं त्या फक्त खुनाच्या कादंबऱ्या वाचतात, आणि त्याही शेवटाकडून. आधी शेवटचं पान, मग पहिलं. "कोणी मारलं ते कळलं की जीव शांत होतो, मग मजेत वाचता येतं," म्हणतात.

त्यांचे यजमान जगदीशकाका चाळीच्या वाचनालयाचे चिटणीस. ते वैचारिक पुस्तकं आणून मावशींच्या हातात ठेवतात आणि मावशी ती आदराने कपाटात ठेवतात. "हिला खुनांचा नाद आहे," हे काका असं सांगतात, की ऐकणाऱ्याला तंबाखूच आठवावा.

मागच्या वर्षी वॉर्डात भायखळ्याचे आर्थर कोरिया आले. छापखान्यात प्रुफं तपासण्यात त्यांचा जन्म गेलेला. आता दोन्ही डोळ्यांवर पट्टी. दुपारी कामं आटपली की मावशी त्यांना वाचून दाखवू लागल्या. दहाव्या पानावर एक वकील आला आणि मावशी बोलून गेल्या, "कसा गोड बोलतोय बघा मेला. खून करून आलाय."

आर्थर म्हणाले, "बाई, अजून दोनशे पानं आहेत ना?"

चाळीच्या वाचनालयातून दुसरं पुस्तक आलं तेव्हा त्यांनी वॉर्डातल्या रूथ सिस्टरकडून शेवटची वीस पानं स्टेपल करून घेतली.

मावशींची पंचाईत झाली. घरी आमटीत दोनदा मीठ पडलं. "डॉक्टरच असणार," त्या पोळी लाटताना पुटपुटल्या. "विष दुसऱ्या कोणाकडे असणार?"

"डॉक्टर नाही गं, भाचा," काका पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

लाटणं थांबलं. "तुम्हाला काय माहीत?"

"वाचनालयात आलेलं पुस्तक तपासावं लागतं."

"शेवटपर्यंत?"

काकांनी चष्मा पुसायला घेतला.

"आणि बाकीची माझी सगळी?"

"तीही तपासली," काका म्हणाले.

चोरी पकडल्याचा आनंद मावशींना पुरता घेता आला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्या शेवट माहीत नसताना वाचत होत्या, आणि तेही गेलं. वकिलाचं गुपित फुटलं त्या दिवशी आर्थरना काय वाटलं असेल ते त्यांना तेव्हा समजलं. पुढचे तीन दिवस त्या भाच्याचे संवाद शाळेतल्या हजेरीसारखे सपाट वाचत राहिल्या. "डॉक्टर," आर्थर खात्रीने म्हणायचे. मावशी नुसतं "हं" म्हणायच्या.

चौथ्या दिवशी रूथने पिना काढल्या. भाचा पकडला गेला तेव्हा आर्थर म्हणाले, "ते पान परत वाचा." मावशींनी वाचलं. मग ते इतके हसले, की डोळ्यांवर ताण येईल म्हणून रूथने दोघांनाही दटावलं.

आर्थरना आता स्वच्छ दिसतं. तरी महिन्यातून दोन रविवार मावशी भायखळ्याला जाऊन त्यांना वाचून दाखवतात. काका सोबत म्हणून जातात आणि मावशींनी एखादी ओळ गाळली तर लगेच सांगतात.