दोन वऱ्हाडं आणि एक न उघडणारी फाईल

“म्हणजे नवरी कुणाच्या घरी जाते, ते या विटेत आहे?” मी विचारलं.

“हो,” रंजनाताई म्हणाल्या. “आणि शनिवारी प्रयोग आहे.”

वीट म्हणजे ‘सीनाकाठ’ नावाच्या जुन्या साप्ताहिकाची बांधीव फाईल. नगरच्या एका वाचनालयात कपाटावरचं छत गळलं. फाईल भिजली, मग वाळली, आणि पानं एकमेकांना घट्ट चिकटून बसली. आमच्या धंद्यात याला ब्लॉक म्हणतात. माझं काम जुने कागद दुरुस्त करण्याचं. ओळख करून देताना मी कॉन्झर्व्हेटर म्हणते, कारण ‘कागद दुरुस्त करते’ म्हटलं की लोक रेशनकार्ड लॅमिनेट करायला आणतात.

रंजनाताई पाथर्डीकडच्या एका शाळेत शिक्षिका. त्यांचं हौशी नाटकमंडळ आहे. स्पर्धेसाठी त्यांनी ‘दोन वऱ्हाडं’ नावाचा जुना फार्स बसवायला घेतला होता. बाप एकाच मुलीचं लग्न विसरभोळेपणानं दोन ठिकाणी ठरवतो, आणि एकाच सकाळी दोन वऱ्हाडं दारात येतात. स्वातंत्र्याच्या आधी हे नाटक ‘सीनाकाठ’मध्ये दर आठवड्याला थोडं थोडं छापून यायचं. गावातल्या एका जुन्या मास्तरांच्या घरी त्याची कात्रणं सापडली होती. सगळी होती, फक्त शेवटची नव्हती.

“शेवट नसताना तालमी सुरू केल्या?”

“शेवट या वाचनालयात आहे म्हणून केल्या. छत गळेल हे काय माहीत!”

“प्रयोग पुढे ढकला ना.”

“नाही जमणार. नवरीची आत्या रविवारी ऊसतोडीला निघाली.”

आत्या म्हणजे पारूबाई. नाटकातली सगळ्यात खमकी भूमिका तिची. दरवर्षी तिची टोळी कारखान्यावर जाते, आणि ट्रक आला की स्पर्धाबिर्धा कुणी विचारत नाही. त्या दिवशी तीही सोबत आली होती. फाईलकडे बघून ती म्हणाली, “ताई, फोडा की हातोडीनं. नारळासारखी.”

हे ऐकून ग्रंथपाल भालेराव सर खुर्चीतून अर्धे उठले. सर निवृत्तीला आले आहेत आणि प्रत्येक फाईल स्वतःच्या घरची असल्यासारखी जपतात.

“ताई,” ते मला म्हणाले, “एक अक्षर जरी गेलं तरी काम पूर्ण झाल्याची सही मी करणार नाही.”

आता थोडं तांत्रिक. वर्तमानपत्राचा कागद स्वस्त, लाकडाच्या लगद्याचा. तो स्वतःच्याच आम्लानं पिवळा पडतो आणि भाजलेल्या पापडासारखा तुटतो. अशी पानं कोरडी सोडवायला गेलं तर चुरा होतो, पाण्यात टाकली तर लापशी. म्हणून आम्ही दमट पेटी करतो. प्लास्टिकचा झाकणाचा डबा, तळाशी ओला टिपकागद, त्यावर जाळी, जाळीवर फाईल. पाणी लागत नाही, नुसती वाफारल्यासारखी ओल लागते. कागद हळूहळू नरम पडला की पातळ स्टीलची पट्टी सरकवत एकेक पान सुटं करायचं.

“म्हणजे ढोकळ्यासारखं,” रंजनाताई म्हणाल्या.

“ढोकळा लवकर होतो,” मी म्हटलं.

गुरुवारी पहिलं पान सुटलं आणि कामाचं वाटोळं झालं. कारण पान सुटलं की कुणीतरी ते वाचायचं. भालेराव सर शिस्तीचे, पण तेच सगळ्यात आधी अडकले. “अहो, हे ऐका. ‘माळीवाड्यात छत्री हरवली आहे. सापडल्यास आणून द्यावी. न दिल्यास आम्हांस नाव ठाऊक आहे.’” ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग केस काळे करण्याच्या तेलाची जाहिरात निघाली. तिच्याखालीच त्या तेलाविरुद्ध वाचकाची तक्रार. मग टांगेवाल्यांच्या भाड्याचं भांडण. पारनेरच्या एका गृहस्थांनी नाटकातल्या बापाला खरा माणूस समजून, दोन्हीकडचा आहेर परत करा म्हणून खरमरीत पत्र लिहिलं होतं. मी पट्टी हातात धरून नुसती उभी राहायचे, आणि डब्याचं झाकण उघडं राहायचं.

शुक्रवारी दुपारी शेवटच्या हप्त्याचा अंक सुटला. रंजनाताई आणि पारूबाई माझ्या दोन्ही खांद्यांवरून वाकून बघत होत्या. नाटकाच्या जागी चौकट होती. भालेराव सरांनी मोठ्यानं वाचली.

“‘लेखकमहाशयांची बदली झाली असून ते शेवट न देताच गेले आहेत. वाचकांनी आपापला शेवट पाठवावा. उत्तमास वर्षभर अंक मोफत.’”

रंजनाताई खाली बसल्या. खुर्ची होती म्हणून बरं.

“उद्या प्रयोग आहे हो,” त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या.

“मंग फुडचा पेपर काढा की ताई,” पारूबाई मला म्हणाली. “लोकांनी पाठवलाच आसंल. लोक गप बसत्यात व्हय?”

लोक गप्प बसले नव्हते. एव्हाना नरम पडलेली पुढची पानं भराभर सुटली, आणि त्यांत शेवटच शेवट होते. नगर जिल्ह्यातल्याच अकोल्याच्या एका मास्तरांनी भाताच्या खाचरात दोन्ही नवरदेवांची चिखलात कुस्ती लावली होती. नगरच्या वकिलांनी बापावर फिर्याद ठोकली होती, आणि शेवटच्या दृश्यात नवरीचे केस पांढरे झाले तरी तारीखच पडत होती. आणि ‘एक सासुरवाशीण, पाथर्डी’ हिनं लिहिलं होतं, “नवरीने दोघांसही एकेक घागर देऊन विहिरीवर धाडावे. जो न सांडता आणील त्यास वरावे. दोघांनीही सांडल्यास सर्वांस जेवू घालून परत पाठवावे व मुलीस शाळेत घालावे.”

पुढच्या आठवड्यात ‘एक संतप्त वाचक’ गरजले होते की घागर वाहणे हे पुरुषाचे काम नव्हे. त्याच्या पुढच्या आठवड्यात सासुरवाशिणीचं उत्तर होतं, “मग तहान लागणे हे तरी पुरुषाचे काम आहे काय?” संपादकांनी खाली लिहिलं होतं, “हा वाद येथेच थांबवीत आहोत.” आणि पुढचे कित्येक अंक तोच वाद छापला होता. त्यातल्याच एका अंकात, शेवगावकडच्या लग्नाच्या बातमीत, एक ओळ होती, “मंडपात नवरदेवास घागर भरून आणावयास लावले. मंडळींची हसता हसता पुरेवाट झाली.”

पारूबाईनं कपाळाला हात लावला. “अगं बया! आमच्या भावकीत हाय की ही रीत! हळदीच्या दिशी नवरदेवाला घागर भरायला लावत्यात. माझ्या नवऱ्यानं समदी सांडली हुती. आमी म्हणायचो देवाधर्माचं आसंल. ही पेपरातली व्हय?”

“किंवा पेपरात तुमच्या भावकीतून गेली असेल,” भालेराव सर म्हणाले. “कुणी कुणाचं उचललं, सांगता येत नाही.”

पण सर स्वतःच इतके खूश झाले होते की त्यांनी सगळ्यांसाठी भेळ मागवली, आणि ती फाईलपासून लांब, बाहेरच्या ओट्यावर खायला लावली.

“कुठला शेवट घ्यायचा?” मी विचारलं.

रंजनाताई उठल्या. चेहऱ्यावर रंग परत आला होता. “तिन्ही!”

रात्रभर तालीम झाली म्हणे. शनिवारी नगरच्या नाट्यगृहात आम्ही पहिल्या रांगेत होतो. आधी चिखलातली कुस्ती झाली. चिखल म्हणून त्यांनी तपकिरी चादर आणली होती, आणि एक नवरदेव तिच्यात इतका गुंडाळला गेला की दुसऱ्याला कुस्ती सोडून त्याला बाहेर काढावं लागलं. मग कोर्ट. मग पारूबाई दोन खऱ्या, पाण्यानं भरलेल्या घागरी घेऊन स्टेजवर आली. दोन्ही नवरदेवांनी पहिल्या पावलालाच पाणी सांडलं. एक घागर घरंगळत पुढे आली आणि तिच्यातलं पाणी थेट परीक्षकांच्या टेबलावर गेलं. थिएटर उठून उभं राहिलं. पारूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, “जेवून जावा, पावनं. पोरगी साळंत चाल्ली.” टाळ्या थांबेनात. भालेराव सर शिट्टी वाजवत होते. तोवर त्यांना शिट्टी येते हे त्यांनाही माहीत नसावं.

बक्षीस मिळालं नाही. प्रयोग ठरलेल्या वेळेच्या बाहेर गेला होता, आणि ‘लेखक’ या रकान्यात रंजनाताईंनी ‘सीनाकाठचे वाचक’ लिहिलं होतं, ते परीक्षकांना चाललं नाही. शिवाय त्यांचे कागद ओले झाले होते. ते मी तिथंच टिपकागदात घालून वाळवून दिले.

पारूबाई रविवारी ठरल्याप्रमाणे गेली. दोन आठवड्यांनी तिनं फोन केला. उसाच्या फडावरच्या बायकांना तिन्ही शेवट सांगून झाले होते आणि त्यांनी आणखी चार काढले होते. ते छापायला कुठं पाठवायचे, असं ती विचारत होती.

भालेराव सरांनी एकही अक्षर न गमावल्याची सही दिली. मी त्यातून एवढंच शिकले की जुन्या वर्तमानपत्रांच्या कामाला कोटेशन देताना वेळ दुप्पट धरायचा. निम्मा पानं सोडवायला, निम्मा ती वाचत बसायला.