खोलीभर हवा

खडीच्या खाणीतून दिवसाला आठ फेऱ्या मारणाऱ्या त्या ट्रकच्या ड्रायव्हरला सगळे चकाचक म्हणत. नाव त्याने कमावलेले होते. खाणीतून येणारी बाकीची माणसे पिठाच्या गिरणीतून बाहेर पडल्यासारखी दिसत. हा पांढरा शर्ट घालून जाई आणि पांढराच परत आणी. काचेवर ठिपका दिसला तर त्याला घास गोड लागत नसे. अकरा वर्षे एकच गाडी, आणि तिच्यावर इतका जीव, की बायको म्हणायची, "पुढच्या जन्मी मला ट्रकच व्हायचंय."

आणि नेमके याच गाडीचे इंजिन दीड वर्षात तिसऱ्यांदा उघडे पडले होते. निळा धूर, ऑइल पिणे, चढावर धाप लागणे. मिस्त्रीने पिस्टनच्या रिंगा काढून मालकाच्या तळहातावर ठेवल्या. झिजून पात्यासारख्या झालेल्या. "धूळ जातेय आत," मिस्त्री म्हणाला. मालक तसा कमी बोलणारा. तो चकाचककडे वळून एवढेच म्हणाला, "आता बांधून देतो. पण परत असंच झालं, तर गाडी राहील, तिच्यावर तू नसशील."

धूळ, आणि आपल्या गाडीत? हे चकाचकच्या डोक्यातच शिरेना. रोज संध्याकाळी तो एअर फिल्टर काढी, जमिनीवर आपटी आणि कॉम्प्रेसरची नळी लावून असा फुंकी, की कागद नव्यासारखा दिसे. मालकाने तर बाकीच्या पाच ड्रायव्हरांना सांगून ठेवले होते, "याच्याकडून शिका." तरी मिस्त्री म्हणाला, "नवा फिल्टर घडीकाकूंनाच विचारून घे. जुना बरोबर ने."

घडीकाकू बसत ते बेल्ट, होज, नटबोल्टचे दुकान त्यांच्या नवऱ्याचे. फिल्टरचे नाव काढले, की नवरा तोंड न उघडता काकूंच्या आतल्या खोलीकडे बोट दाखवी. त्या खात्यात त्याला कोणी विचारत नसे, आणि त्याला त्याचे वाईटही वाटत नसे.

काकू सतराव्या वर्षी फिल्टरच्या कारखान्यात लागल्या आणि बावीस वर्षे कागदाला घड्या घालत राहिल्या. लाकडी साच्यावर, हाताने, दिवसाला साडेचार हजार. मग घड्या घालणारे यंत्र आले आणि काकू दुकानात आल्या. पण बोटांना कोण सांगणार? बसचे तिकीट, विजेचे बिल, औषधाची चिठ्ठी, हाती येईल त्या कागदाची त्या बोलता बोलता बारीक चुण्यांची पट्टी करून टाकत. दवाखान्यातली नर्स एकदा वैतागून म्हणाली होती, "काकू, हा रिपोर्ट आहे, पंखा नाही."

चकाचक फिल्टर घेऊन आत आला आणि ऐटीत म्हणाला, "मला तो धुऊन परत वापरायचा फिल्टर द्या. लाल, कापडी. हवा मोकळी जाते म्हणे."

"हवेबरोबर आणखी काय मोकळं जातं, ते विचारलंस का?" काकूंनी त्याचा जुना फिल्टर हातात घेतला. कडेच्या रबरावरून अंगठा फिरवला, मग घड्यांवरून सरकन खाली आणला. पत्ते पिसल्यासारखा आवाज झाला. काकूंचा चेहरा उतरला. "किती दिवसांनी साफ करतोस?"

"रोज," चकाचक म्हणाला. शाबासकी आता येईल, मग येईल, म्हणून तो उभा राहिला.

काकूंनी दार लोटले, दिवा मालवला आणि वायरीला लावलेला छोटा बल्ब फिल्टरच्या पोटात सोडला. कागद आतून मंद पिवळा दिसू लागला, आणि त्या पिवळ्यात टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके झळकले. एक, दोन, पाच. काकू फिल्टर सावकाश फिरवत गेल्या आणि ठिपके येतच राहिले. चकाचकने सतरा मोजले आणि मग मोजायचे सोडून दिले.

"ही तुझ्या नळीने पाडलेली भोकं," काकू म्हणाल्या.

"एवढ्याशा भोकांनी काय होणार, काकू?"

"तुझी गाडी भरलेली असताना लिटरला किती जाते?"

"तीन."

"एक लिटर डिझेल जाळायला दहा-बारा हजार लिटर हवा लागते. ही खोली बघ. दहा बाय बारा, उंचीला दहा. इथून खाणीच्या फाटकापर्यंत, नऊ किलोमीटर, जाईस्तोवर तुझी गाडी ही खोली पिऊन टाकते. छतापर्यंत, कोपऱ्याकोपऱ्यातली."

चकाचक अंधारात मान वर करून बघत राहिला. दिवसाला आठ फेऱ्या, जाऊन येऊन. म्हणजे अशा सोळा खोल्या. संध्याकाळपर्यंत अख्खी गल्ली, घराघरांसकट. अकरा वर्षे तो त्या इंजिनाच्या मांडीला मांडी लावून बसला होता आणि ते काय पीत होते, याचा त्याला पत्ता नव्हता. आणि ती सगळी हवा, खडीच्या धुराळ्यातली, या घड्यांच्या कागदातून.

"मलाही माहीत नव्हतं," काकू म्हणाल्या. "कारखान्यात इंजिनिअरला सहज विचारलं, यातून श्वास घेतं तरी कोण? त्याने खडूने फरशीवर हिशेब मांडून दाखवला. जेवायची सुट्टी संपली, तरी आम्ही बाया त्या फरशीभोवती उभ्याच." त्यानंतर काकूंची एकही घडी वाकडी गेली नाही. हे काकू सांगत नाहीत, त्यांच्या जोडीच्या बाया सांगतात.

"पण मी तर तो स्वच्छ ठेवत होतो," चकाचक म्हणाला.

"तिथंच चुकलं. नवा कोरा कागद सगळ्यात कच्चा असतो. त्याच्यावर थोडी धूळ बसली, की तीच धूळ मागून येणाऱ्या धुळीला अडवते. तू रोज पहारेकरी हाकलून देत होतास आणि वर भिंतीला भोकं पाडत होतास."

आळशी ड्रायव्हर असता, तर गाडी वाचली असती. याने माया करून करून तिचे आतडे झिजवले. हे पचवायला कोणालाही जड जाईल, मग ज्याचे नावच चकाचक, त्याला विचारूच नका.

काकूंनी दिवा लावला आणि फळीवरून दोन फिल्टर काढले: एक मोठा, जाड कागदाचा, घड्या सुट्या सुट्या असलेला, म्हणजे खाणीची धूळ मध्ये गच्च होऊन बसणार नाही, आणि त्याच्या पोटात बसणारा एक छोटा, मोठ्याने दगा दिला तर आडवा येणारा. बरोबर बोटभर लांबीची काचेची कुपी. "ही नळीवर बसव. फिल्टर खरंच तुंबला, की आत लाल पट्टी येते. ती दिसेपर्यंत फिल्टरला हात लावायचा नाही. दिसली की बदलायचा, फुंकायचा नाही." जरा थांबून त्या हळूच म्हणाल्या, "मालकाला सांग, जुना फिल्टर फाटका निघाला. खोटं नाही ते."

खरेच खोटे नव्हते. चकाचक वाटभर ते वाक्य घोळवत गेला. पण अड्ड्यावर पोचला तर पाचही ड्रायव्हर कॉम्प्रेसरपाशी रांगेत उभे, प्रत्येकाच्या हातात आपापला फिल्टर, आणि नळी सुंसुं करतेय. सगळे त्याच्याकडून शिकलेले. त्याने पुढे होऊन कॉम्प्रेसर बंद केला आणि तो तिथेच उभ्या मालकाकडे वळला.

"मालक, गाडी मीच खाल्ली," तो म्हणाला. आणि मग बल्ब, भोके, खोली, सगळे त्याने सांगितले, सगळ्यांसमोर. मालकाने फिल्टरांच्या त्या रांगेवरून नजर फिरवली. म्हणाला, "लाल पट्टी येईपर्यंत चालव. मग बघू तुझं."

पुढचे अकरा आठवडे चकाचकने कसे काढले, ते त्याचे त्याला ठाऊक. संध्याकाळी हात शिवशिवत. तो काच पुसे, चाके धुई, बॉनेटभोवती दोन फेऱ्या मारी आणि हात खिशात घालून घरी जाई.

एका सकाळी पट्टी लाल झाली. मालक आला. मिस्त्रीने फिल्टरच्या पुढची, इंजिनाकडे जाणारी नळी सोडवली. चकाचकने बोटाला पांढरे ग्रीस लावून ते आत फिरवले आणि डोळे मिटूनच बाहेर काढले. बोट पांढरेच होते, धुळीचा कण नाही. मालकाने ते पाहिले, स्वतःच्या बोटाला ग्रीस लावले आणि स्वतः फिरवून पाहिले. तेही पांढरे.

"उद्या पहाटेची पहिली फेरी तुझी," मालक बोट पुसत म्हणाला.

चकाचक उतरलेला फिल्टर घेऊन काकूंकडे निघाला. तो धुळीने करडा झाला होता आणि हाताला जड लागत होता. काकूंनी घड्यांवरून अंगठा फिरवला. या वेळी आवाज झाला नाही. "बघ, किती घेतलंय याने अंगावर," त्या म्हणाल्या.

तिथवर तो फिल्टर चकाचकने छातीशी धरून आणला होता, आणि पांढऱ्या शर्टावर धुळीचा मोठा करडा गोल उमटला होता. तो त्याने संध्याकाळपर्यंत झटकला नाही.