खडूची रेघ

तरसालीहून वहिनीचा फोन आला तेव्हा मी कारेलीबागेतल्या घरी शाळेचा डबा भरत होते. "वन्सं, हे गेले," एवढंच म्हणाली. अंघोळ करून देवापुढे बसला आणि तिथेच कलंडला माझा अरुणदादा... सहा आठवडे झाले. रडून झालं, पण त्याच्यावरचा राग काही जात नाही.

दादा हाडाचा फिटर. कारखान्यातून निवृत्त झाला आणि वर्षभरात परदेशातल्या एका कॉलेजची इंजिनिअरिंगची मुलं इथे आली. कचरा वेचणाऱ्या बायकांना सोबत घेऊन, प्लास्टिकच्या पिशव्या वितळवून फरश्या दाबायचं मशीन त्यांना बनवायचं होतं. दादाने घरामागची शेड देऊन टाकली. पंधरा दिवस नुसती धमाल. मुलं मांडी घालून खिचडी-कढी खायची आणि दादा तोडक्यामोडक्या इंग्रजीत त्यांना वेल्डिंग शिकवायचा. पहिल्याच दिवशी सगळ्यांनी मिळून ठरवलं, एकमेकांना विचारल्याशिवाय मशीनमध्ये कुणी बदल करायचा नाही. "सुधा, मला विचारतात गं, फिटरला," दादा सांगत सुटला होता. जन्मभर साहेबांनी त्याच्या हातात नुसतं ड्रॉइंग ठेवलेलं.

मुलं परत गेल्यावर कळलं, दाब द्यायचा दांडा फार उंच आहे. बायकांतली वडीलधारी कमळाबेन स्टुलावर चढून ओढताना दोनदा पडता पडता वाचली. दादाने लगेच कळवलं. मुलं म्हणाली, मशीनचे पाय कापावे लागतील, नवीन ड्रॉइंग पाठवतो. मग त्यांच्या परीक्षा झाल्या, मुलं पांगली आणि ड्रॉइंग राहिलंच.

"कापी नाखो ने, भाई," कापून टाका ना, असं कमळाबेन तिच्या गुजरातीत म्हणायची. मी तर भांडलेच. "तीस वर्षं लोखंड कापलंस, चार पाय कापायला काय धाड भरलीय तुला?"

"विचारल्याशिवाय नाही. शब्द दिलाय."

दोन वर्षं रोज फोन उघडून बघायचा. बायका एकेक करत पोती घेऊन परत उकिरड्यावर गेल्या.

गेल्या आठवड्यात त्याच्याच फोनवरून मी त्या कॉलेजच्या एका मुलीला दादा गेल्याचं कळवलं, ड्रॉइंगचंही लिहिलं. उत्तर आलं. फार वाईट वाटलं म्हणे. पुढे लिहिलं होतं, "पण मशीन तर तुमचंच होतं. आम्हाला कशाला विचारायचं?"

वहिनीला ते वाचून दाखवलं नाही.

काल भंगारवाला मशीन बघून गेला. शेडमध्येच जोडलेलं, आणि दार बुटकं. पाय कापल्याशिवाय बाहेर निघणार नाही, म्हणाला. चारही पायांवर दादाने गुण्या लावून आखलेली खडूची रेघ अजून तशीच आहे... मी त्याला सांगितलं, कापशील तर रेघेवरच काप.